लल्ला सालहांना दिलेली जागा

ल केफ, १४ ऑक्टोबर २००३

शादलिया,

फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर माझा आवाज ऐकून "आई घरात नाही" म्हणतेस. चौसष्टाव्या वर्षी स्वतःलाच स्वतःची मुलगी करून घेतेस. हसू येतं आणि वाईटही वाटतं. म्हणून लिहायला बसले.

तुझ्या रऊफच्या लग्नातून मी न सांगता निघाले, याचा तुला राग आहे. असणारच. आई असती तर माशाच्या दिवशी, नवरी मासा ओलांडताना, इन्साफचा हात तिने धरला असता. आई नाही म्हणून ते माझ्याकडे आलं. मासा ताटात आडवा, त्याच्या शेपटीला तू बांधलेली गुलाबी रिबीन, नवरी पाऊल उचलून उभी, आणि हात धरायला मोठी मावशी कुठे आहे? मावशी स्फॅक्सच्या बसथांब्यावर. हे सगळ्या गल्लीने पाहिलं, तुझ्या जावांनी पाहिलं. कळतं मला.

त्याचं कारण असं की शेजारच्या बेयाचा निरोप आला होता, माझ्या घरातला नळ फुटला म्हणून. पाणी जिन्यावरून खाली वाहत होतं. तुला सांगायला आले होते, पण तू स्वयंपाकघरात होतीस आणि मध्ये बायकांची एवढी गर्दी.

आणि मी तुझ्या घरी तोऱ्यात वागले, असं तू हबीबामावशीच्या सुनेला म्हणालीस, ते मात्र खरं नाही. तुझ्या सासूबाई, लल्ला सालहा, काठी टेकत आल्या तेव्हा त्या हिरव्या मखमली कोचावरून उठलं कोण? मी. "बसा लल्ला," म्हणाले. माझी शाल दुहेरी घडी करून त्यांच्यासाठी घातली. बाकीच्या नुसत्या टाळ्या वाजवत होत्या.

माझी तब्येत बरी आहे. पाय सुजायचे, हृदयाचं काहीतरी आहे म्हणाले, लघवी होण्याची गोळी दिली आहे. सूज उतरते.

तुझी मोठी बहीण,
मनूबिया


ल केफ, ५ नोव्हेंबर

शादलिया,

उत्तर नाही. बरं. रमजानात तरी माणसाने मन मोकळं ठेवावं म्हणतात, पण तू लहानपणापासून अशीच. अकरा दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस, कंगवा मोडला म्हणून. बाराव्या दिवशी कळलं की कंगवा मांजराने पाडला होता.

नळाचं मी लिहिलं ते पूर्ण बरोबर नव्हतं. नळ फुटला होता, पण तो जूनमध्ये. त्या दिवशी मला बसचीच घाई झाली होती. कैरवानवरून येणारी शेवटची बस चुकली असती.

आता तू म्हणशील, राहायची होतीस की. राहायला हवं होतं.

डॉक्टरांनी मला रोजे धरू नका सांगितलंय, मी धरते. सबंध रमजान घरात बसून दिवसाढवळ्या जेवणारी बाई व्हायचं नाही मला. गोळीचं म्हणशील तर ती मी हल्ली जपून घेते. रोज घेतली तर घराबाहेर पाय टाकता येत नाही. तुला काय माहीत, या गावात एका बाईला जाता येईल अशा किती जागा आहेत. मला माहीत आहे. पोस्टाच्या मागची कुलूपबंद असते, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई चहाला. बाजारातली पुरुषांची. न्हाव्याच्या बायकोला विचारता येतं, पण ती नंतर आठवडाभर लोकांना सांगत बसते. मशिदीतल्या नमाजाला मी जात नाही. बेयाला सांगितलंय गुडघे दुखतात. हातपाय धुऊन, वजू करून रांगेत उभं राहायचं आणि एक खोकला आला की पुन्हा पहिल्यापासून. किती वेळा उठायचं माणसाने? लोक बघतात.

हे मी तुला का लिहितेय कोण जाणे. खोडणार होते, पण कागद स्वच्छ आहे, राहू दे.

ईदला मक्रूदच्या वड्या पाठवीन. खजूर यंदा चांगले आहेत.

मनूबिया


ल केफ, १ डिसेंबर

शादलिया,

तुझं पत्र आलं. पाच ओळींचं का होईना, आलं. मी ते चार वेळा वाचलं, मग उशीखाली ठेवलं, मग तिथूनही काढलं.

तू लिहितेस: "तुझ्या जाण्याने माझी जेवढी लाज गेली नाही तेवढी सासूने घालवली. कोचावर सगळ्यांसमोर घाण करून ठेवली. उठल्या तेव्हा कपडा मागून ओला, आणि इन्साफची आजी नाकाला रुमाल लावून बघतेय. आता मी त्यांना मागच्या खोलीतच ठेवते. गालिचा काढलाय, गादीवर प्लास्टिक घातलंय, दुपारनंतर पाणी देत नाही. चौऱ्याऐंशी वय, काय करणार."

काय लिहू?

तुला खात्री आहे का, शादलिया? म्हणजे त्यांचंच, अशी? मखमलीवर सरबत सांडलेलं असू शकतं. एवढ्या बायका, एवढी पोरं. आधी कधी त्यांना असं झालं होतं का? नंतर झालं का? मला हे नीट कळव.

आणि पाणी तोडू नकोस. पाणी तोडल्याने लघवी गडद होते, जळजळते, उलट जास्त वेळा लागते. हे मी वाचलंय. कुठे वाचलंय ते आठवत नाही. प्लास्टिकवर झोपलं की कूस बदलताना आवाज होतो, माणूस आपल्याच आवाजाने दचकतं. ते काढ. निदान वर जाड चादर घाल.

त्या काही बोलतात का? लग्नाविषयी? माझ्याविषयी?

तू रागावून म्हणशील की हिला इतके दिवस काही पडलं नव्हतं आणि आता सासूचा पुळका आलाय. म्हण. पण उत्तर लवकर दे.

मनूबिया


ल केफ, इस्पितळ, २२ जानेवारी २००४

शादलिया,

अक्षर वाकडंतिकडं आहे कारण सलाइनचा हात उजवा आहे. घाबरू नकोस, आज बरी आहे. गेल्या मंगळवारी दळण घेऊन जिना चढताना तिसऱ्या पायरीवर श्वास संपला. बेयाने ओरडून माणसं जमवली. पाय गुडघ्यापर्यंत भरले होते, बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा.

इथे डॉक्टर वफा म्हणून एक आहे, आपल्या रऊफच्या वयाची. स्टूल ओढून माझ्याजवळ बसली.

"खाला, गोळी किती दिवस बुडवलीत?"

"कधीतरी."

"कधीतरी म्हणजे?"

"बाहेर जायचं असेल तेव्हा."

"आणि बाहेर कधी जाता?"

"हल्ली जातच नाही."

"मग तर रोज घेत असाल."

मी पाय चादरीखाली ओढून घेतले. ती मग म्हणाली, "ओलं होतं म्हणून ना?" तिने हे असं विचारलं जसं कुणी विचारावं की साखर किती घालू. आणि मी, जी तुझ्या नवऱ्याच्या मयतीत रडले नाही, त्या पोरीसमोर रडले.

ती म्हणाली, या खोलीत सहा बायका आहेत, त्यातल्या निम्म्या याच कारणाने इथे आल्या आहेत, आणि एकीने दुसरीला सांगितलेलं नाही. म्हणाली, मला विचारलं असतंत तर बाहेर जायच्या दिवशी गोळीची वेळ पुढेमागे करून दिली असती. ती आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि राहिलेली भरून काढायला दोन एकदम तर कधीच घ्यायच्या नाहीत. आणि खोकल्यावर, शिंकल्यावर थेंब जातात, तो काही गोळीचा दोष नाही. तिथले स्नायू सैल झालेत, त्यांना घट्ट करायचा व्यायाम असतो. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही. मी तरी कुणाला विचारलं होतं?

दोन एकदम. ते ऐकलं आणि ठरवलं की तुला लिहायचं.

शादलिया, लग्नाला येताना मी तीन दिवस गोळी घेतली नव्हती. बससाठी, आणि मग तुझ्या घरी एकच न्हाणीघर आणि चाळीस पाहुणे, म्हणून. माशाच्या दिवशी सकाळी पाय बुटात जाईनात. आईच्या जागी उभं राहायचं होतं, चपला घालून कशी उभी राहू? मी दोन गोळ्या एकदम घेतल्या.

तासाभरात सुरू झालं. दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले तर आतून कडी, इन्साफच्या बहिणी केस करत होत्या. मी दार वाजवलं. "थांबा हो खाला, एवढी कसली घाई," म्हणाल्या आणि हसल्या. मी परत येऊन कोचावर बसले. वाटलं, बसून राहिलं की थांबेल. एका बाजूला तुझी जाऊ, दुसऱ्या बाजूला इन्साफची आत्या, समोर दरबुका वाजतोय. आणि मग ते झालं. सगळं. गरम, आणि मी टाळ्या वाजवत होते. थांबवता आल्या नाहीत, थांबवल्या असत्या तर सगळ्यांनी बघितलं असतं.

माझा घागरा काळा होता. दिसलं नसतं. उठले असते तर कोच दिसला असता.

तेवढ्यात तुझ्या सासूबाई दारात आल्या.

पुढचं तुला माहीत आहे. मीच तुला लिहिलं होतं, मोठा उपकार केल्यासारखं. शाल घडी करून घातली, हात धरून त्यांना बसवलं, "बसा लल्ला" म्हणाले. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "देव तुझं भलं करो, इथे मला कोणी विचारत नाही." मी सफ्सारी अंगाभोवती लपेटली आणि मागच्या दाराने निघाले. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसू नये म्हणून पिशवी ठेवली. एवढंच ते.

त्यांनी काहीही केलेलं नाही. कोच मी भिजवला आणि त्यांना त्यावर बसवलं.

डिसेंबरात तुझं पत्र आलं तेव्हाच हे लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. जिवाचं बरंवाईट होतंय असं वाटल्यावर लिहितेय, त्यात काही मोठेपणा नाही.

मनूबिया


ल केफ, १९ फेब्रुवारी

लल्ला सालहा यांना,

शादलिया, हे पत्र तुझ्या पत्त्यावर आहे पण तुला नाही. चार आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. म्हणजे तू त्यांना अजून सांगितलेलं नसणार असं मला वाटतं. त्यांना वाचता येत नाही म्हणून तुलाच वाचून दाखवावं लागेल. शब्द बदलू नकोस.

लल्ला, मी शादलियाची मोठी बहीण मनूबिया. रऊफच्या लग्नात मी तुम्हाला कोचावर जागा दिली. ती जागा आधीच ओली होती. ओली मी केली होती. मला माहीत होतं आणि तरी तुम्हाला बसवलं, कारण माझ्यापेक्षा तुम्ही म्हाताऱ्या आहात आणि लोक तुमच्यावर लगेच विश्वास ठेवतील हे मला त्या क्षणी सुचलं. विचार केला असं नाही, सुचलं. तुमच्या शरीराने काही चूक केली नव्हती. तुमचं तुम्हाला बरोबर कळत होतं.

तुम्ही म्हणाल तेव्हा मी तिथे येऊन हे तोंडाने सांगेन. लागेल तितक्या लोकांसमोर.

मनूबिया


ल केफ, २७ एप्रिल

शादलिया,

पोचले. बस कैरवानला थांबली, तिथल्या बागेतल्या बायकांच्या न्हाणीघराकडे नेणारी वाट आता पाठ झाली आहे. गोळी डॉक्टर वफाने सांगितल्याप्रमाणे घरी आल्यावर घेतली.

तू मार्चमध्ये फोन करून एकच वाक्य बोललीस: "वाचून दाखवलं, त्या म्हणतात ये, मी म्हणत नाही." तरी थांब्यावर न्यायला आलीस. पिशवी माझ्या हातातून ओढून घेतलीस आणि घरापर्यंत बोलली नाहीस. मला ते चाललं.

तू चहा करायला गेलीस तेव्हा मागच्या खोलीत काय झालं ते तू चारदा विचारलंस आणि मी "काही नाही" म्हटलं. तिथे तुझ्यासमोर बोलता येत नव्हतं. आता सांगते.

लल्ला पलंगावर ताठ बसल्या होत्या. म्हणाल्या, "तूच ना ती?"

"हो लल्ला."

"जवळ ये. मला लांबचं दिसत नाही."

मी जवळ गेले. वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, चाचपून पाहिला, सोडून दिला.

"आठ महिने," म्हणाल्या, "रोज सकाळी मी आधी गादी चाचपते, मग डोळे उघडते. कोरडी असते. रोज कोरडी. तरी चाचपते. मला वाटलं माझं मला कळेनासं झालंय. आज हे गेलं, उद्या माणसांची नावं जातील. म्हणून मी नातवंडांची नावं म्हणत बसायची, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. तुझी बहीण दारातून ऐकून म्हणायची, सासूबाई आता एकट्याच बोलतात."

मी म्हटलं, "मला माफ करा."

"माफीचं नंतर बघू. मला आधी बाहेर ने. या खोलीचा वास मला माझा वाटायला लागला होता. माझा नाहीच तो, भिंतीला ओल आहे."

मग तू ट्रे घेऊन आलीस, आणि त्या तुला म्हणाल्या, "सूनबाई, पाणी आण. मोठ्या भांड्यातून." तू आणलंस. त्यांनी सगळं पिऊन टाकलं आणि भांडं तुझ्याकडे दिलं नाही, मांडीवर धरून बसल्या. तुझा चेहरा मी पाहिला, शादलिया. त्याविषयी लिहिणार नाही. लिहिलं तर तू पत्र फाडशील, आणि पुढचं वाचायचं राहील. एवढंच म्हणते की खोटं मी बोलले होते. प्लास्टिक तू घातलंस, पण ते माझ्या खोट्यावर घातलंस. त्याच संध्याकाळी तू ते गुंडाळून गच्चीवर नेलंस, तेही पाहिलं.

आता तुझ्या शेजारणीकडच्या शुक्रवारच्या साखरपुड्याचं. तू सारखं विचारत होतीस, बोळात सगळ्या कशाला हसत होतात. ऐक.

लल्ला म्हणाल्या होत्या, "मी जाणार, आणि ही माझ्याशेजारी बसणार." तुझ्या त्या शेजारणीने आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. लोकांच्या नजरा तुझ्या लक्षात आल्या असतील. लल्लांना खुर्ची लाकडी दिली होती, बाकी सगळ्यांना गादीची. तू बदामाच्या सरबताला आत गेलीस. इकडे दरबुका रंगात आला, पोरी नाचायला उठल्या. मी मनात म्हणत होते, आता मी उभी राहून सांगते, कोचाचं सांगते, सगळ्यांसमोर, कबूल केलंय तसं. इतक्यात लल्ला काठी टेकून उभ्या राहिल्या.

"पोरींनो, जरा थांबा," म्हणाल्या. दरबुका थांबला. "मला लघवीला जायचंय. न्हाणीघर कुठे आहे?"

यजमानीणबाईचा चेहरा पांढरा पडला. दोघीतिघींनी खुर्चीच्या बैठकीकडे बघितलं. खुर्ची कोरडी होती. लल्लांनी त्यांना बघू दिलं. मग म्हणाल्या, "आणि त्या लग्नातला कोच माझा नव्हता. कुणाचा होता ते तिचं ती सांगेल."

मी उभी राहिले. "माझा होता," म्हटलं. "मी भिजवला आणि यांना त्यावर बसवलं." इन्साफची आजी, तीच रुमालवाली, माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं आता ती थुंकणार.

ती उठली. कमरेवर हात ठेवून, कण्हत. "चला लल्ला," म्हणाली, "मी पण कधीची धरून बसलेय. या पोरींच्या गाण्याला काही अंत नाही."

तिच्यामागे सोन्याचा दात असलेली ती जाडी बाई उठली. मग तुझी जाऊ. मग यजमानीणबाईची स्वतःची मावशी, जिला उठवायला दोघी लागल्या. बोळात सहा जणींची रांग लागली. लल्लांचा पहिला नंबर, वयाने. कुणी कुठली गोळी घेते, कुणी सकाळी, कुणी घेतच नाही, कुणाला हसलं की होतं, कुणाला नळाचा आवाज ऐकला की. सोन्याच्या दाताची बाई म्हणाली, मी मुलीच्या घरी जाताना तिथे पोचेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही, मग डोकं दुखतं आणि मुलगी म्हणते आई माझ्या घरी नेहमी तोंड पाडून बसते. मी तिला डॉक्टर वफाने सांगितलेलं सगळं सांगितलं. तिने माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. आतून लल्ला ओरडल्या, "कडी लागत नाही, कुणीतरी दार धरा, आणि हसू नका, हसलात तर रांग मोडेल." मी दार धरलं. तुझी जाऊ खरंच रांग मोडून पुढे धावली.

तेव्हा तू पेल्यांचा ट्रे घेऊन आलीस आणि विचारलंस, काय चाललंय इथे.

लल्लांनी मला माफ केलं का, ते मला माहीत नाही. निघताना विचारलं तर म्हणाल्या, "पुन्हा आलीस की सांगीन." जुलैत येते.

आणि अजून एक. थांब्यावर बस सुटताना तू जोरात शिंकलीस. शिंकलीस आणि पाय आवळून, खांबाला धरून, जागच्या जागी उभी राहिलीस, आणि मग पदरासारखी सफ्सारी पुढे ओढून इकडेतिकडे बघितलंस. खिडकीतून मी पाहिलं. कुणाला बोलणार नाही.

लिही मला.

मनूबिया